शिवप्रकाश पेंटरची राहिलेली रेघ

शिवप्रकाश पेंटरला गोल काढता येत नव्हता, असं मानवतच्या मोंढा बाजारात अजून सांगतात. सांगणाऱ्याला एक ठेवून द्यावीशी वाटते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कुणीतरी डिवचलं म्हणून एका आडतीच्या भिंतीवर अप्पांनी एका दमात बैलगाडीच्या चाकाएवढा गोल काढला होता. खिळा नाही, दोरी नाही, नुसता हात. लोक तोंडात बोट घालून उभे. आणि अप्पांनी काय करावं, तर शेजारच्या बादलीतला चुना घेतला आणि तो गोल पुसून टाकला. "येतो," म्हणाले, "पण ठेवायचा न्हाई."

सगळं मानवत त्यांना अप्पाच म्हणायचं, मीही म्हणायचो. मी महारुद्र. बसस्टँडसमोर 'कमल फ्लेक्स' म्हणून दुकान आहे, ते माझं. कमल म्हणजे माझी आई, कमलबाई. पेंटर लोकांच्या पोटावर ज्या धंद्यानं पाय दिला, तो धंदा या गावात पहिल्यांदा मी आणला. म्हणजे अप्पांची गोष्ट सांगायला माझ्याइतका नालायक माणूस दुसरा नसेल. पण अप्पा गेले, आणि त्यांच्या घरधनीण महानंदाअक्का चार शब्दांच्या वर बोलत नाहीत. मग उरलो मी. ऐका.

अप्पा मूळचे चारठाण्याचे. लिंगायत घर, वडिलांचं छोटं किराणा दुकान. तिथल्या एका पडक्या देवळाच्या जोत्यावर शाळा बुडवून बसायची त्यांना खोड होती. त्या जोत्याला सरळ भिंत अशी नाहीच. कोपऱ्यातून कोपरा निघतो, त्यातून आणखी एक, आणि सकाळचं ऊन पडलं की प्रत्येक कोपऱ्याची एक बाजू पिवळी आणि एक काळी दिसते. "मास्तर फळ्यावर गोल गोल अक्षर काढायचे, ते मला लय पिलपिलीत वाटायचं," अप्पा सांगायचे. "अक्षर मी त्या दगडाकडून शिकलो."

नव्वदच्या आसपास ते मानवतला आले. तेव्हा इथले पेंटर लफ्फेदार लिहायचे, अक्षराला खाली सावली आणि वर चमक. अप्पांनी पहिलीच पाटी एका कापसाच्या जिनिंगची लिहिली आणि गावाची मान वर झाली. जाड, ताठ, चारी बाजूंनी कापलेली अक्षरं. वळण म्हणून कुठं नाही. गोल यायला पाहिजे तिथं कोपरा, आणि कोपऱ्याचं टोकही तिरकं छाटलेलं. क काढला तर मधे खांबासारखा दांडा, उजवीकडे कोपरात मोडलेला हात, आणि डावीकडे पोटाच्या जागी शंकरपाळ्यासारखी चौकट. जिनिंगचा मालक म्हणाला, "अप्पा, पाटी सांगितली होती, राकेट न्हाई." अप्पा म्हणाले, "दोन हजार साल येऊ द्या. सगळं असंच दिसणार हाय."

लोकांनी तेच नाव धरलं. ट्रॅक्टरवाले ट्रॉली घेऊन यायचे आणि म्हणायचे, "अप्पा, मागच्या फळीवर दोन हजारमधे लिहा." केशकर्तनालय दोन हजारमधे, गिरणी दोन हजारमधे. मोंढ्यातून चालत गेलं की दोन्ही बाजूंनी ती धारदार अक्षरं अंगावर यायची. मी तेव्हा पंचविशीत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला वाटायचं आपण आत्ताच पुढच्या शतकात राहतोय. खाली रस्त्यावर चिखल आणि म्हशी, ती गोष्ट वेगळी.

अप्पा खडू चोळलेली दोरी पत्र्यावर ताणून टिचकी मारायचे, पट्टीनं रेघा आखायचे, आणि आत रंग भरायच्या महानंदाअक्का. अंगणात पत्रा आडवा टाकून दोघं समोरासमोर बसलेली असायची. बोलणं काही नाही. फक्त एक रेघ अप्पा अक्कांना कधी भरू द्यायचे नाहीत. कुठल्याही पाटीच्या पहिल्या अक्षरातली एक रेघ ते आखून तशीच मोकळी सोडायचे. पाटी दुकानावर चढायची, त्यावर कापड टाकलेलं असायचं. मुहूर्ताला कापड काढायचं, मालकानं नारळ फोडायचा, पेंटरच्या हातावर गूळ ठेवायचा, आणि मग अप्पांनी शिडीवर चढून ती रेघ भरायची. त्यांचा हा कायदाच होता. देवाच्या मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडतात ना, तसं. "रेघ भरेपर्यंत ती पाटी न्हाई, नुसता पत्रा हाय," म्हणायचे.

लोक त्यांची थट्टा करायचे, पण पाळायचे. एकदा एका कापड दुकानदाराच्या घरी मयत झाली आणि उद्घाटन पाच महिने लांबलं. पाच महिने ती पाटी अप्पांच्या घरात भिंतीकडे तोंड करून उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे, तिच्याकडे बघू नका, ती उघडी हाय. मोकळ्या रेघेतून काय आत येतं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठलो.

दोन हजार साल आलं आणि गेलं. आणि अप्पांनी सांगितलं होतं तसं सगळं बदललंच, फक्त त्यांना सोडून. दोन हजार सातला मी परभणीला जाऊन फ्लेक्सचं मशीन बघितलं आणि गावाकडची दोन एकर मोडून ते घेऊन आलो. आता गंमत बघा. फ्लेक्सच्या दुकानाला पाटी पाहिजे, आणि फ्लेक्स उन्हात दोन वर्षांत पांढरा पडतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून मी माझ्या दुकानाची पाटी पत्र्यावर, ऑइलपेंटमध्ये, अप्पांकडून लिहून घेतली. लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही.

अप्पांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं. 'कमल फ्लेक्स'. कमलमधला क हातभर उंच, आणि त्या क च्या शंकरपाळ्याची डावीकडची खालची तिरकी रेघ मोकळी. मुहूर्त अकराचा होता. अप्पा म्हणाले, "साडेदहाला येतो."

उद्घाटनाला परभणीचे मोठे पाहुणे बोलावले होते. त्यांचा नऊला फोन आला की पुढे आणखी दोन कार्यक्रम आहेत, साडेनऊला पोचतो, लगेच उरकून घ्या. मी पाटीवरचं कापड ओढलं, फीत कापली, नारळ फोडला. आई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "पेंटर येऊ दे की रे." मी म्हणालो, "आई, पाहुणे काय पेंटरची वाट बघत बसणार?" ती मागे सरली. चारचौघांत मला बोलणारी बाई नव्हती ती.

बरोबर साडेदहाला अप्पा सायकलवरून आले. धुतलेला पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, हँडलला रंगाचा डबा आणि ब्रश फडक्यात गुंडाळलेला. पाहुणे खुर्च्यांवर बसून पेढे खात होते. अप्पांनी वर बघितलं, खाली फुटलेला नारळ बघितला, आणि म्हणाले, "शिडी द्या." मी त्यांना बाजूला घेतलं. म्हणालो, "अप्पा, खाली माणसं बसलीत, रंग सांडंल. राहू द्या आता. दिसत न्हाई तेवढं. डिझाईन वाटतंय."

ही चार वाक्यं माझी आहेत. पुढं कामाला येतील म्हणून सांगून ठेवतो.

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. भांडले असते तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाले, आणि सायकल फिरवली. मी मागून ओरडलो, "उद्या या, निवांत भरू." ते उद्या आले नाहीत. मीही बोलवायला गेलो नाही. पहिल्यांदा कामाची गर्दी होती, मग आता काय जायचं असं वाटलं, आणि मग सवय झाली. चार महिन्यांत तर मला त्या क मध्ये काही कमी आहे हेच दिसेना.

त्यानंतर बारा वर्षं अप्पा माझ्या दुकानासमोरून जात राहिले. पाट्यांचं काम संपलंच होतं. माझं मशीन तासाला जेवढं छापायचं तेवढं लिहायला त्यांना महिना लागला असता. ते विजेच्या खांबांवर नंबर टाकायचे, खेड्यापाड्यांतल्या ग्रामपंचायतींच्या भिंतींवर सरकारी योजना लिहायचे, सरकारी म्हणून साध्या अक्षरात. सायकलवरून जाताना माझ्या दुकानासमोर हँडल जरा आवळायचे, मान वर करून पाटीकडे एकदा बघायचे आणि पुढे जायचे. रोज. माझ्याकडे नाही, पाटीकडे. मी गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचो, बघा, म्हाताऱ्याला अजून स्वतःच्या अक्षराचं कवतिक आहे. इतका गाढव माणूस मी.

एकोणीस साली त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली, वाचा गेली. मी भेटायला गेलो होतो. खाटेवर उताणे पडलेले, आणि उजवा हात चादरीवर हलत होता. एक बोट वरून खाली, तिरकं, सरकायचं. परत उचलायचं, परत तसंच. अक्का म्हणाल्या, पाणी मागतात बहुतेक. चमच्यानं पाणी पाजलं, तरी बोट थांबेना. मी थोडा वेळ बसलो आणि उठलो. अकरा दिवसांनी अप्पा गेले. त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी छापून दिला, गोल गोल अक्षरांत, जो फाँट कॉम्प्युटरवर समोर आला त्यात. माझी आईही त्याच वर्षी गेली.

आता प्रियांकाबद्दल सांगतो. प्रियांका माझ्याकडे डिझाईनचं काम करते. परभणीला शिकलेली, हुशार, आणि तिला सगळ्याची घाई. कामाला लागल्यावर आठ दिवसांतच तिनं विचारलं, "काका, आपल्या पाटीचा फाँट कुठला हो? कुठंच मिळत न्हाई." मी म्हणालो, फाँट नाही, हात आहे. ती उडालीच. मोबाइल घेऊन गावभर हिंडली. जुन्या गिरणीचा ग, मोडक्या ट्रॉलीचा ट, कुणाच्या गोठ्याला दार म्हणून लावलेल्या पाटीचा श. जिथं जिथं अप्पांचं अक्षर उरलं होतं तिथून तिनं फोटो आणले आणि कॉम्प्युटरवर रेघ न् रेघ उतरवली. सहा महिने लागले. क मात्र तिनं आमच्याच पाटीवरून घेतला. तो सगळ्यात मोठा होता आणि सगळ्यात साफ.

अप्पांचा कायदा तिला कोण सांगणार? तिनं स्क्रीनवर क मोठा करून दाखवला आणि विचारलं, "काका, ही इथली रेघ उडालीय का मुद्दाम सोडलीय?" बारा-चौदा वर्षांनी ती मोकळी जागा मला परत दिसली. मला सांगता आलं असतं. एका मिनिटाचं काम होतं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, मुहूर्त, पाहुणे, पांढरा शर्ट. मी म्हणालो, "राहू दे. डिझाईन वाटतंय."

फाँटला आम्ही 'दोन हजार' हेच नाव दिलं. मनात म्हटलं, चला, अप्पांचं नाव राहील. प्रियांकानं तो फ्लेक्सवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, आणि मग तो कुणाच्या हातात राहिला नाही. पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेड. वाढदिवसाचे बॅनर, क्लासच्या जाहिराती, कृषी केंद्रं. लोकांना ती धारदार अक्षरं फार आवडली, त्यातही तो उघडा क जास्तच. आणि श्रद्धांजलीचे बॅनर. त्यांची सुरुवातच 'कै.'नं होते. चौकात गेलेल्या माणसाचा फोटो, आणि वर पहिलंच अक्षर उघडं.

माझ्या दुकानात मशीनचं डोकं कापडावरून इकडून तिकडे सरकतं आणि पट्टी पट्टीनं अक्षर उतरतं. क आला की ते डोकं त्या तिरक्या जागेवरून जायचं आणि तिथं काही टाकायचं नाही. दिवसभर मी ते बघायचो. गिऱ्हाइकाशी बोलताना बघायचो, जेवताना बघायचो. हळूहळू मला मशीनकडे पाठ करून बसायची सवय लागली.

तेवीस सालच्या उन्हाळ्यात, दुपारी दोनच्या सुमारास, महानंदाअक्का दुकानात आल्या. डोळ्यांना काळा चष्मा. चार वर्षांत त्या माझ्या पायरीला आल्या नव्हत्या. मी उठून खुर्ची दिली. बसल्या नाहीत.

"रुद्रभाऊ," म्हणाल्या, "मला दोन वर्षं काय दिसत नव्हतं. मोतीबिंदू. परवा परभणीत काढला. काल पट्टी सोडली, आन एसटीत खिडकीला बसले." मी म्हणालो, पाणी देऊ का. त्यांनी हातानं नको केलं. "विद्यापीठाच्या गेटपासल्या एका दुकानावर ह्यांचं अक्षर दिसलं. दुकान नवं होतं. पाटीबी नवी. हार सुकले नव्हते अजून."

कोपऱ्यात प्रियांका हातातलं काम सोडून ऐकत होती.

"मला वाटलं डोळ्याचंच काहीतरी झालं. पुढं गेल्यावर आणखी एक. कोल्हा गावाजवळ एक. मानवत येईपर्यंत चौदा मोजल्या. माणूस जाऊन चार वर्षं झाली, आन हात नव्या पाट्या लिहायलाय. कंडक्टर इचारायलाय, आजी काय झालं, का रडताय." त्या काउंटरजवळ आल्या. "आन सगळ्या उघड्या. ह्यांनी उघडी पाटी उभ्या जन्मात टांगली न्हाई. मग ध्यानात आलं, हा क कुठला हाय ते."

मग त्यांनी काउंटरच्या काचेवर बोट टेकवलं आणि वरून खाली, तिरकं ओढलं. परत उचललं, परत ओढलं. खाटेवरचं ते बोट मी बघितलं होतं. बसलो होतो तिथं शेजारी.

"अकरा दिवस मी पाणी पाजत राहिले," अक्का म्हणाल्या. "ते पाणी मागत नव्हते, रुद्रभाऊ. घरात बसले की अजून तो हात चादरीवर दिसतो मला. डोळे नव्हते तरी दिसायचा. मला एवढी रेघ भरून द्या. त्याबिगर तो थांबायचा न्हाई."

मी कबूल झालो हे काय सांगायला पाहिजे? पाया पडलो, म्हणालो, आत्ता भरतो, तुमच्यासमोर भरतो. त्या म्हणाल्या, "तुमी न्हाई. पाटीच्या धन्यानं भरायची नसती. सोमवारी येते. नारळ आणून ठेवा."

सोमवारी त्या आल्या ते अप्पांचा ब्रश घेऊन. एवढी वर्षं तेलात बुडवून ठेवला होता, केस अजून मऊ होते. मी दुकानाचं शटर खाली ओढलं होतं. आम्ही तिघंच, मी, अक्का आणि प्रियांका. सोळा वर्षांपूर्वीच्या मुहूर्ताला दीडशे माणसं होती. मी शटर वर केलं, नारळ फोडला, अक्कांच्या हातावर गूळ ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला नाही, पदराला बांधला. कपाळाला भस्म लावलं आणि म्हणाल्या, "शिडी द्या."

साठी ओलांडलेली बाई, कालपरवा डोळ्याचं ऑपरेशन झालेली. मी म्हणालो, अक्का, पाटी खाली काढून देतो. म्हणाल्या, टांगलेल्या पाटीवरच भरायची असती. मी शिडी दोन्ही हातांनी धरली. त्या एकेक पायरी चढल्या. हजारो अक्षरं भरलेली बाई, पण ही रेघ त्यांनी आयुष्यात कधी भरली नव्हती. हात पाटीजवळ गेला आणि थांबला. किती वेळ थांबला मला माहीत नाही. रस्त्यावरून एक एसटी गेली, रिक्षा गेल्या. मग ब्रश टेकला आणि एका दमात वरून खाली, तिरका, आला. थेंब पडला नाही. जुना लाल रंग उन्हानं विटकरी झालेला, त्यात ती एकच रेघ ओली लाल.

खाली उतरून त्यांनी पाटीकडे बघितलं नाही. ब्रश पुसला, फडक्यात गुंडाळला. तोंडावरचं काहीतरी उतरलं होतं. "झालं," म्हणाल्या. "आता निजतील."

मला वाटलं आपणही सुटलो. पण समोर रस्त्याच्या पलीकडे, स्टँडच्या कठड्याला, त्याच आठवड्यात लावलेला एक बॅनर होता. कुणाच्या तरी आजोबांचा. कै. आणि पुढं नाव. मी तिकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "अक्का, आणि ह्या बाकीच्यांचं काय? हे तर सगळीकडे अप्पांचं अक्षर..."

"ते त्यांचं न्हाई," अक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "त्यांनी उघडी पाटी कधी टांगली न्हाई. टांगली ती तुमी. ते अक्षर तुमचं हाय, रुद्रभाऊ." आणि त्या स्टँडकडे निघून गेल्या. त्या बॅनरखालून गेल्या, आणि मान वर केली नाही.

त्याच दुपारी प्रियांकानं फाँट दुरुस्त केला. क भरला, सगळ्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं की जुना काढून टाका, त्यात चूक आहे. पहिलं उत्तर जिंतूरहून आलं. 'ताई, जुनाच भारी आहे, तो कट लय आवडतो लोकांना.' खाली बारा अंगठे. नवा फाँट माझ्याशिवाय कुणी वापरत नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. अक्का बऱ्या आहेत. परवा बाजारात भेटल्या, मेथी निवडत होत्या. मी विचारलं, हात दिसतो का. म्हणाल्या, न्हाई, त्या सोमवारपासून न्हाई. माझं विचाराल तर, काउंटरवर बसल्या बसल्या माझं बोट काचेवर वरून खाली सरकतं. मला कळत नाही. प्रियांका मला चहा आणून देते आणि मुद्दाम कप त्या जागेवर ठेवते.

म्हणून मी एक डबा आणि ब्रश गाडीच्या डिकीत ठेवलाय. उधारी मागायला, माल आणायला कुठं बाहेर पडलो आणि उघडा क दिसला, की थांबतो. लोक हसतात. घरच्यांना वाटतं मला डॉक्टरला दाखवावं. आतापर्यंत किती भरले ते मी मोजत नाही, कारण जेवढे भरतो त्याच्या दसपट रोज छापून निघतात.

मागच्या आठवड्यात जिंतूर रोडला एका नव्या दुकानाचं उद्घाटन चाललं होतं. मांडव, खुर्च्या, पेढे. वर 'किसान कृषी केंद्र', तीनही क उघडे. मी गाडी लावली, डबा काढला आणि मालकाला म्हणालो, "जरा शिडी द्या. एक रेघ राहिलीय." मालक पंचविशीतला, नवा कोरा शर्ट. त्यानं वर बघितलं, मग खाली बसलेल्या पाहुण्यांकडे बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेतलं.

"काका, खाली माणसं बसलीत," तो म्हणाला. "राहू द्या आता. दिसत न्हाई तेवढं. डिझाईन वाटतंय."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग "बरं" म्हणालो आणि गाडी फिरवली.